समुद्राच्या पाण्यात पितळ उघडे पडते तेव्हा

तीस फुटी फायबरच्या शिडाच्या नौकेचे बूड म्हणजे पाण्याला कुठेही वाट न देणारे अखंड कवच, अशी नौकेवर येणाऱ्या पाहुण्यांची समजूत असते. प्रत्यक्षात त्या कवचाला आम्ही मालकांनीच भोके पाडून ठेवलेली असतात आणि माझ्या नौकेत ती सात आहेत. इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी आत घेणारे एक, शौचकूपासाठी पाणी घेणारे एक आणि तिथला मैला बाहेर टाकणारे एक, स्वयंपाकाच्या मोरीचे एक, कॉकपिटमध्ये साचलेले पाणी बाहेर सोडणारी दोन, आणि नौकेचा वेग मोजणाऱ्या चक्रीसाठी एक. या प्रत्येक ठिकाणी समुद्र आणि माझे अंथरूण यांच्यामध्ये एक लहानसा तुकडा असतो, आणि तो नेमका कशाचा बनवलेला आहे याची चौकशी मी नौका घेतल्यानंतर पहिली सहा वर्षे केली नव्हती.

ती करावी लागली एका मे महिन्यात. धरमतरच्या खाडीत उधाणाच्या भरतीला नौका काठावर चढवून घेतली होती आणि पावसाळ्यासाठी ती शाकारण्यापूर्वी इंजिनाच्या पाण्याची रबरी नळी बदलून टाकावी, एवढाच बेत होता. नळीवरचा क्लिप सैल करून ती हाताने पिळली, तर नळी ज्याच्यावर चढवलेली असते तो धातूचा दांडाच खारीच्या बिस्किटासारखा तुटून नळीबरोबर हातात आला. बाहेरून पाहिले तर त्यावर थोडासा हिरवा कळंक होता, त्यापलीकडे काही नाही. तुटलेल्या कडेवर मात्र पितळेचा पिवळा रंग जेमतेम कागदाच्या जाडीचा उरला होता. बाकी सगळा भाग फिकट गुलाबी, मऊ आणि सच्छिद्र झाला होता आणि नखाने खरवडला की त्याचा भुगा पडत होता. आदल्याच आठवड्यात आम्ही या दांड्याच्या भरवशावर अलिबागपर्यंत जाऊन आलो होतो.

ही व्यवस्था ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी तिची रचना आधी सांगतो. बुडाच्या भोकातून बाहेरून आत एक आखूड नळ घातलेला असतो. त्याचे डोके अळंब्याच्या छत्रीसारखे पसरट असते आणि ते बाहेरच्या अंगाला बुडाला चिकटून बसते. या भागाला स्किन फिटिंग किंवा थ्रू-हल म्हणतात. आतल्या बाजूने त्याच्या आट्यांवर मोठे नट आवळतात. त्याच आट्यांवर पुढे बंद-चालू करायचा व्हॉल्व्ह बसतो, तो सीकॉक, म्हणजे समुद्राकडची तोटी. व्हॉल्व्हच्या दुसऱ्या तोंडाला खाचांचा एक दांडा असतो, त्याला होज टेल म्हणतात. त्याच्यावर रबरी नळी चढवून ती क्लिपांनी आवळलेली असते. लोक तपासणी करतात ती बहुधा व्हॉल्व्हची, कारण हाताने फिरवायचा भाग तोच असतो. पण व्हॉल्व्हचे अंग जाड असते. त्या तुलनेत होज टेलची भिंत पातळ असते, आणि त्याच्या आट्यांच्या खोबणीत तर ती आणखी पातळ होते. नळीचे वजन, इंजिनाची थरथर आणि कुणाचा तरी चुकून पडलेला पाय हे सगळे तिथेच सोसले जाते. म्हणून तुटतो तो बहुतेक वेळा तोच.

आता मूळ कारणाकडे वळू. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू, तर कांसे म्हणजे तांबे आणि कथील यांचा. आपल्या स्वयंपाकघरांना हा फरक पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे कुणाला शिकवावे लागत नाही. समुद्राचे खारे पाणी पितळेच्या बाबतीत याहून चिवट असते. जस्त हा तांब्यापेक्षा बराच अधिक क्रियाशील धातू असल्यामुळे खाऱ्या पाण्यात मिश्रधातूतले जस्त आधी विरघळते आणि मागे तांब्याचा स्पंजासारखा सांगाडा उरतो. या क्रियेला डिझिंकिफिकेशन म्हणतात. हिच्यातली फसवणूक अशी की वस्तूचा आकार बदलत नाही. लोखंड गंजले की फुगते, त्याचे पापुद्रे सुटतात, डाग पडतात. पितळ मात्र आपली जाडी, आपले आटे, एवढेच नव्हे तर वर कोरलेली अक्षरेसुद्धा जशीच्या तशी ठेवून आतून पोकळ होते.

सगळे पितळ सारखे नसते. जस्ताचे प्रमाण साधारण ३७-३८ टक्क्यांच्या वर गेले की धातूच्या अंतर्गत रचनेत बीटा नावाचे, जस्ताने समृद्ध असे वेगळे कण तयार होतात आणि समुद्र आधी या कणांवर तुटून पडतो. घरगुती नळकामाच्या फिटिंग्ज ज्या पितळेच्या घडवतात त्याची युरोपीय खूण सीडब्ल्यू६१७एन अशी आहे. त्यात तांबे ५७ ते ५९ टक्के, शिसे दोन टक्क्यांच्या आसपास आणि उरलेले जवळजवळ ४० टक्के जस्तच असते. याच्या उलट डीझेडआर पितळेत, म्हणजे डिझिंकिफिकेशनला दाद न देणाऱ्या पितळेत, ज्याची खूण सीडब्ल्यू६०२एन आहे, तांबे थोडे वाढवलेले असते, चिमूटभर आर्सेनिक घातलेले असते आणि उष्णतेची प्रक्रिया करून ते बीटा कण जवळपास नाहीसे केलेले असतात. आर्सेनिक उरलेल्या भागातल्या जस्ताला धरून ठेवते, पण बीटा कणांना त्याचा उपयोग होत नाही, म्हणून नुसते आर्सेनिक घालून भागत नाही, ती प्रक्रियाही नीट व्हावी लागते. या दोहोंच्या वर गनमेटल. त्यातल्या नेहमीच्या प्रकारात ८५ टक्के तांबे आणि कथील, शिसे व जस्त प्रत्येकी ५ टक्के असते. हे आपल्या कांशाचे जवळचे नातेवाईक म्हणता येईल.

नावांवर विसंबू नये, हेही इथेच सांगितले पाहिजे. मँगनीज ब्राँझ या भारदस्त नावाखाली विकला जाणारा धातू प्रत्यक्षात सुमारे ४० टक्के जस्ताचे पितळच असते. हेच ६०-४० प्रमाण जॉर्ज मंट्झ यांनी १८३२ मध्ये पेटंट घेतलेल्या मंट्झ मेटलचे. लाकडी जहाजांच्या बुडाला त्याचे पत्रे ठोकत असत. कटी सार्क या प्रसिद्ध जहाजाच्या बुडालाही ते होते. तिथे तो धातू शोभत होता, कारण त्या पत्र्याने हळूहळू झिजावे आणि झिजताना शंखशिंपल्यांना बुडावर ठरू देऊ नये, हीच त्याच्याकडून अपेक्षा होती. तोटीकडून आपली अपेक्षा नेमकी उलटी असते.

मग कारखान्यातून निघालेल्या नव्याकोऱ्या नौकांवर साधे पितळ येते कसे, असा प्रश्न पडतो. युरोपात यासाठी आधार मानल्या गेलेल्या १९९४ च्या आयएसओ ९०९३-१ या मानकात गंजरोधक धातूची व्याख्या अशी होती की पाच वर्षांच्या वापरात त्याची घट्टपणा, मजबुती किंवा काम बिघडेल अशी हानी होता कामा नये. पाच वर्षे! फायबरचे बूड सहज चाळीस वर्षे टिकते आणि नौका एका मालकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जात राहते, पण तिच्या तोट्या कुणी बदलल्या की नाहीत हे कुठल्याही कागदावर येत नाही. माझ्या मते ही व्याख्या नौका बांधणाऱ्यांच्या सोयीची होती, वापरणाऱ्यांच्या नव्हे.

एक तोटी गेली तर काय बिघडते, याचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राने करता येतो. मैल्याच्या नळासाठी साधारण ३८ मिलिमीटरचे भोक असते. ते पाण्याच्या पातळीखाली ६० सेंटिमीटरवर असेल, तर त्यातून मिनिटाला सुमारे १४० लिटर पाणी आत येते, म्हणजे दोनशे लिटरचे पिंप दीड मिनिटात भरते. नौकेच्या तळातले पाणी उपसणाऱ्या ज्या विजेच्या पंपावर ताशी २००० गॅलन असा आकडा छापलेला असतो, तो अमेरिकी गॅलनांत धरला तर मिनिटाला १२६ लिटर होतो. तोही पाणी वर चढवावे लागत नसेल आणि बॅटरी भरलेली असेल तेव्हाचा. खोली दुप्पट झाली तर पाण्याचा ओघ दीडपटीच्या आतच वाढतो, पण भोकाचा व्यास दुप्पट झाला तर तो चौपट होतो. त्यामुळे किती खोल यापेक्षा किती मोठे, याची काळजी अधिक करावी.

तपासणी नौका काठावर असतानाच करावी, पाण्यात असताना कधीही नाही. कानशीने किंवा चाकूच्या टोकाने आडबाजूला एक छोटासा ओरखडा काढावा: खालून लखलखीत पिवळा धातू दिसला तर ते पितळ अजून शाबूत आहे, गुलाबी दिसला तर ते गेलेले आहे. लहान हातोडीने ठोकून पाहावे. शाबूत धातू घंटेसारखा खणखणतो, पोखरलेला मडक्यासारखा बद्द वाजतो. त्यानंतर होज टेल हातात धरून खरोखर जोर लावावा. नौकांची मानके ठरवणाऱ्या अमेरिकेच्या एबीवायसी या संस्थेच्या मानकानुसार सीकॉकने आतल्या टोकावर ५०० पौंड, म्हणजे सुमारे २२७ किलो भार ३० सेकंद सोसला पाहिजे. धडधाकट माणसाने त्याच्यावर उभे राहिले तरी काही होऊ नये, इतका सरळ त्याचा अर्थ आहे. जे काठावर मोडेल ते मोडू द्यावे. जुन्या नौकांत बागेतल्या नळासारखे चाकाचे गेट व्हॉल्व्हही आढळतात. ते उघडे आहेत की बंद हे पाहून कळत नाही आणि त्यांचा आतला दांडा तुटला तर चाक नुसतेच गरगर फिरत राहते. त्यांची अवस्था कशीही असो, ते काढून टाकावेत.

खरेदीच्या वेळी मुंबईत राहणाऱ्याला नागदेवी स्ट्रीट सुचते आणि तिथे चांगला माल मिळतोही. मात्र निकेलचा चकचकीत मुलामा दिलेला बॉल व्हॉल्व्ह हा जवळजवळ नेहमीच इमारतीच्या पाण्यासाठी केलेला पितळी व्हॉल्व्ह असतो, आणि मुलाम्याखाली काय आहे ते दिसत नाही, हीच त्याची अडचण. गनमेटल हवे असेल तर बिलावर आयएस ३१८ (हे भारतीय मानक), ग्रेड एलटीबी-२ असे लिहून मागावे. ते ८५-५-५-५ प्रमाण हेच आहे. कानस मारली की गनमेटल तांबूस दिसते आणि पितळ लिंबासारखे पिवळे. साधे पितळ आणि डीझेडआर पितळ यांच्यातला फरक मात्र कुठल्याही डोळ्याला कळत नाही. त्यासाठी डीझेडआर किंवा सीआर ही ठोकलेली खूणच पाहावी लागते. व्हॉल्व्ह गनमेटलचा, पण त्याच्या आतला गोळा आणि दांडी पितळेची, असेही आढळते, म्हणून तेही विचारून घ्यावे. स्टेनलेस स्टीलचा मोह अनेकांना होतो. ते बाहेर हवेत उत्तम टिकते, पण सीलंटखाली किंवा आट्यांच्या फटीत, जिथे पाणी असते आणि प्राणवायू पोहोचत नाही, तिथे त्याचा संरक्षक थर पुन्हा तयार होत नाही आणि ते टोचल्यासारखे खोलवर खाल्ले जाते. काचतंतू घातलेल्या नायलॉनच्या तोट्या गंजतच नाहीत आणि ॲल्युमिनियमच्या बुडाला तर गनमेटल लावूच नये, तिथे त्यांनाच पसंती द्यावी. मी स्वतः गनमेटल घेतले, कारण जड नांगराची साखळी हाताळताना माझ्या नौकेत काय काय कुठे आदळते हे मला माहीत आहे.

जुने फिटिंग काढताना बळ नव्हे, सबुरी लागते. पंधरा-वीस वर्षे बसलेले नट पान्याने क्वचितच सुटते. आतून नटाला ग्राइंडरने उभी चीर पाडावी आणि छिन्नीच्या हलक्या ठोक्याने ते फाकवावे, किंवा बाहेरून छत्रीची कड घासून काढावी आणि उरलेला नळ लाकडी ठोकळ्याने आत ढकलावा. दुसरी पद्धत जलद आहे, पण ग्राइंडरची चकती जरा कलली की बुडाच्या फायबरमध्ये चंद्रकोर कोरली जाते. माझ्या नौकेवर अशा दोन चंद्रकोरी आहेत. अधूनमधून थांबून धातू निवू द्यावा, कारण त्याच्या उष्णतेने भोवतालची रेझीन जळते.

भोक मोकळे झाले की त्याच्या कडेकडे नीट पाहावे. या सगळ्या कामात सर्वांत मोलाची माहिती तिथे मिळते. काही नौकांचे बूड सबंध फायबरचे असते, तर काहींमध्ये फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड किंवा फोम भरलेला असतो. कडेला लाकूड दिसले आणि ते काळपट, ओलसर असले, तर पाणी कित्येक वर्षे आत मुरत आलेले आहे. अशा वेळी भोकाभोवतीचा सडका गाभा कोरडा भाग लागेपर्यंत खणून काढावा, राहिलेली जागा पूर्ण वाळू द्यावी आणि मग घट्ट केलेल्या इपॉक्सीने ती भरून घ्यावी, म्हणजे यापुढे भोकाच्या कडेला लाकूड राहणारच नाही. हे न करता वर नवे फिटिंग आवळले तर कुजका गाभा दबतो आणि काही महिन्यांत नट आपोआप सैल होते.

आतल्या बाजूने आधाराची एक चकती लागते, कारण बूड गोलाईचे असते आणि नटाचा तळ सपाट. दहा-बारा मिलिमीटर जाडीच्या फायबरच्या पत्र्याची, नटापेक्षा बरीच रुंद चकती कापून ती इपॉक्सीने बुडाला कायमची चिकटवावी. प्लायवूड चालते असे पुष्कळ जण सांगतात; पण त्यात एकदा पाणी शिरले की ते कुजते आणि मग तुम्ही पुन्हा तिथेच येता. इथे आपल्या हवेचा एक मुद्दा आहे. इपॉक्सीला दमट हवा मानवत नाही, भर पावसाळ्यात ती वाळली तरी तिच्या पृष्ठभागावर मेणासारखा चिकट थर येतो आणि त्यावर पुढचे काही चिकटत नाही. पॉलियुरेथेन सीलंटचे याच्या उलट असते, ते हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होते. म्हणून गाभ्याचे आणि चकतीचे काम मे महिन्यात उरकावे किंवा मग ऑक्टोबरची वाट पाहावी. फिटिंग बसवण्याचे काम त्यानंतर केव्हाही होते.

फिटिंग बसवण्यापूर्वी सगळे भाग सीलंटशिवाय एकदा कोरडेच जुळवून पाहावेत आणि इथे आट्यांकडे बारकाईने लक्ष द्यावे. आपल्याकडे आणि युरोपात नळांचे आटे बीएसपी पद्धतीचे असतात, अमेरिकेत एनपीटी पद्धतीचे. अर्धा आणि पाऊण इंच मापांत दोन्हींना इंचाला १४ आटे असल्यामुळे एक दुसऱ्यात बेमालूम शिरतो, पण एकाच्या आट्यांचा कोन ५५ अंश आणि दुसऱ्याचा ६० अंश असल्याने तो जोड कधीच खरा बसत नाही. एक ते दोन इंच मापांत बीएसपीला ११ आणि एनपीटीला साडेअकरा आटे येतात, त्यामुळे दोन-तीन फेऱ्यांनंतर जोड अडकतो. अडकल्यावर तो घट्ट बसला असे वाटते, तीच चूक. शिवाय स्किन फिटिंगचे आटे सरळ असतात आणि पुष्कळशा व्हॉल्व्हचे निमुळते. तिथेही पकड फारच थोड्या आट्यांची मिळते. किती फेऱ्या बसतात ते मोजावे, नळ व्हॉल्व्हच्या तळाला टेकत असेल तर तेवढा कापावा आणि शेवटच्या फेरीला व्हॉल्व्ह फिरवायचा दांडा हाताला येईल अशा दिशेला राहतो ना, हेही तेव्हाच पाहावे. दांडा खालच्या अंगाला राहिला तर अंधारात, पाण्यात हात घालून, तो शोधावा लागतो.

सीलंट पॉलियुरेथेन किंवा पॉलिसल्फाइडचा घ्यावा, न्हाणीघरातले सिलिकॉन नाही. पॉलिसल्फाइड काही प्लास्टिकना खातो, म्हणून प्लास्टिकच्या फिटिंगसाठी त्याच्या उत्पादकाची सूचना वाचावी. छत्रीच्या खाली आणि नळाभोवती भरपूर सीलंट लावावा, बाहेर एका माणसाने फिटिंग स्थिर धरावे आणि आतून फक्त नट फिरवावे. फिटिंगच फिरले तर सीलंटचा थर फाटतो. कडेने सगळीकडून सारखी वळी बाहेर आली की थांबावे. असा सीलंट २४ तासांत साधारण ३ मिलिमीटर घट्ट होतो, तेव्हा आठवडाभर त्याला हात लावू नये.

नळी बसवताना प्रत्येक होज टेलवर ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे दोन क्लिप लावण्याची रीत आहे, पण दुसऱ्या क्लिपखाली दांडा असेल तरच; त्याच्या टोकापलीकडे लावलेला क्लिप नळीलाच कापतो. स्वस्त क्लिपचा पट्टा स्टेनलेसचा असतो आणि स्क्रू साध्या पोलादाचा, म्हणून दुकानातच स्क्रूला चुंबक लावून पाहावे. प्रत्येक तोटीशेजारी मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवावी. मी ती नेमक्या मापाची करून घेतली आणि कुठली कुठे बसते ते वर कोरून ठेवले.

विजेबद्दल फार वाद आहेत. सगळी धातूची फिटिंग्ज तारेने एकमेकांना व झिंक ॲनोडला, म्हणजे त्यांच्याऐवजी स्वतः झिजण्यासाठी लावलेल्या जस्ताच्या तुकड्याला, जोडावीत, हा अमेरिकी परिपाठ. फायबरच्या बुडात रबरी नळ्यांनी आपोआप अलग झालेले गनमेटल एकटेच बरे, हा दुसरा पक्ष. माझ्या नौकेला किनाऱ्यावरची वीज कधी जोडली जात नाही, म्हणून मी दुसऱ्या पक्षात आहे. ज्याच्याशी तोटी जोडलेलीच नाही असा ॲनोड मात्र तिच्यासाठी काहीही करत नाही, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. तसेच तळातल्या पाण्यात पडलेल्या एखाद्या सोललेल्या तारेतून १२ व्होल्टचा प्रवाह फिटिंगमध्ये शिरला, तर वर्षांचे काम आठवड्यांत होते आणि उत्तम धातूही त्यापुढे टिकत नाही. म्हणून पंपाच्या तारांचे जोड उंचावर आणि कोरडे ठेवावेत.

ऑक्टोबरमध्ये अमावास्येच्या उधाणाला नौका पाण्यात ढकलली नाही, पाणीच तिच्याकडे आले. क्रेनपेक्षा ही रीत मला अधिक आवडते, कारण भरती चढत जाते तसतशी एकेक तोटी क्रमाने बुडत जाते आणि प्रत्येकीला तपासायला पाच-दहा मिनिटे मिळतात. हातात विजेरी आणि वर्तमानपत्राच्या कोरड्या पट्ट्या घेऊन आत बसलो. नटाखाली पट्टी फिरवायची आणि तिच्यावर ओल उमटते का ते पाहायचे. सर्वांत आधी इंजिनाची तोटी पाण्याखाली गेली, ती कोरडी राहिली. मोरीच्या तोटीखाली पट्टी ओली झाली, तेव्हा छातीत धस्स झाले, पण जिभेला लावून पाहिले तर पाणी गोडे होते: सकाळी मीच मोरीत ओतलेले. तिसऱ्या दिवशी शौचकूपाच्या नळीच्या खालच्या क्लिपशी एक थेंब लोंबताना दिसला, तो मात्र खारा होता. क्लिप अर्धी फेरी आवळली.